थंडी वाजते, भूक लागते

माझी भाची तेव्हा साडेतीन वर्षांची होती. हॉलमध्ये तिनं ठोकळ्यांचा टॉवर रचला होता, मी शेजारून उठायला आणि टॉवर कोसळायला एकच गाठ पडली. ‘‘मामा, तू माझा टॉवर पडवलास!’’ ती किंचाळली. स्वयंपाकघराच्या दारातून बहिणीनं मांजराला सोफ्याखाली पळताना पाहिलं होतं. ती म्हणाली, ‘‘अगं, मामानं नाही, मनीनं पाडला.’’

‘पडवलास’ असं त्या घरात कुणी म्हणत नाही. शेजारीही म्हणत नाहीत. मग पोरीनं ते आणलं कुठून? दिवसभर तिच्या कानावर ‘दादाला उठव’, ‘बाहुलीला झोपव’, ‘खुर्चीत बसव’ पडत असतं आणि ‘मला हसव ना’ हे तर तिचंच पालुपद. या सगळ्यांतला ‘व’ तिनं उचलला आणि ‘पड’ला चिकटवला. ऐकलेलंच परत बोलून दाखवणाऱ्या मुलाकडून ही चूक होणं शक्य नाही. मूल नियम घडवतं, एवढ्यावर भाषेच्या अभ्यासकांतल्या बहुतेक पंथांचं एकमत आहे. भांडण पुढच्या प्रश्नावरून आहे. ‘पडवलास’ म्हणायचं ही मुलगी थांबवणार कशी? बहिणीनं तिला दुरुस्त केलं खरं, पण दुरुस्ती मांजराची होती, व्याकरणाची नाही.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरं दिली गेली, त्यांत रचनाव्याकरण नावाच्या विचारानं मांडणीच बदलून टाकली. भाषा शिकणं मुलाला अवघड का जातं, हे विचारण्याची सोय त्यानं करून दिली असं मी म्हणेन. त्याआधीचा सूर कौतुकाचा होता: मुलं बघा कशी खेळता खेळता, तीन-चार वर्षांत, कुणी न शिकवता भाषा शिकतात! या ‘खेळता खेळता’चा हिशोब घातला तर मूल दिवसाला अकरा तास जागं धरून पाच वर्षांत वीस हजार तास होतात. एवढे तास रियाज करणाऱ्याला आपण ‘सहज शिकला’ म्हणत नाही.

१९५७ साली दोन पुस्तकं निघाली. बी. एफ. स्किनरच्या ‘व्हर्बल बिहेवियर’मध्ये भाषा ही सवय होती, बक्षिसानं पक्की होणारी. नोम चॉम्स्कीच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये ती नियमांची यंत्रणा होती. दोनच वर्षांनी चॉम्स्कीनं ‘लँग्वेज’ या नियतकालिकात स्किनरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि सवयीचा सिद्धान्त जवळजवळ निकालात काढला. त्यानंतर ज्या युक्तिवादानं अभ्यासकांच्या दोन पिढ्यांना बांधून ठेवलं, तो थोडक्यात असा: मुलाच्या कानावर पडणारी सामग्री तुटपुंजी, विस्कळीत, अर्धवट वाक्यांनी भरलेली. तिच्यातून व्याकरण निघू शकत नाही. तरी मूल व्याकरण शिकतं. म्हणजे बरंचसं ते जन्मताना घेऊन येत असलं पाहिजे.

या युक्तिवादाला दोन टेकू मिळाले. मार्क गोल्डनं १९६७ साली गणितानं दाखवलं की ‘हे चुकलं’ असं कधीच न सांगता केवळ बरोबर वाक्यं ऐकवत राहिलं, तर काही अगदी साध्या वाटणाऱ्या भाषासमूहांतली भाषासुद्धा नेमकी ओळखता येत नाही. शिकणारा एकदा गरजेपेक्षा मोठा नियम धरून बसला की त्याला मागं खेचणारं काही उरत नाही. दुसरा टेकू हार्वर्डचा. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली ॲडम, ईव्ह आणि सेरा या टोपणनावांच्या तीन मुलांची घरातली संभाषणं तपासली. आईबाप पसंती-नापसंती दाखवतात ती मुलाच्या बोलण्याच्या खरेपणावर, व्याकरणावर नाही, असं त्यांना आढळलं. माझ्या बहिणीनं मांजराचं नाव घेतलं ते याच परंपरेत. पुढं १९८१ च्या सुमारास चॉम्स्कीनं या उपजत सामानाची मांडणी काही तत्त्वं आणि काही खटके अशी केली. कर्म क्रियापदाच्या आधी की नंतर, असा एकेक खटका मुलानं चार वाक्यं ऐकून दाबायचा, की पुढचं आपोआप. या चित्रात शिकणं जवळजवळ उरतच नाही, आणि मूल चुकतं का, वर्षानुवर्षं का चुकत राहतं, हा प्रश्न किरकोळीत निघतो.

रचनाव्याकरणाची सुरुवात मुलांपासून झाली नाही. ती झाली भाषेच्या अडगळीतून, म्हणजे ज्या वाक्प्रयोगांना व्याकरणाची पुस्तकं ‘अपवाद’ म्हणून शेवटच्या पानात ढकलतात तिथून. मराठीतलंच उदाहरण घेतो. ‘कसला अभ्यास नि कसलं काय!’ या वाक्यात क्रियापद नाही. ‘कसला’ आणि ‘काय’ हे दोन्ही प्रश्नार्थक शब्द, पण प्रश्न कुठंच नाही. अर्थ काय, तर अभ्यास व्हायला हवा होता आणि झाला नाही. शब्दांचे अर्थ जोडून हा अर्थ हाती लागत नाही, म्हणजे हे म्हणीसारखं पाठ केलेलं असलं पाहिजे. पण पाठही म्हणवत नाही, कारण ‘कसली झोप नि कसलं काय’, ‘कसली सुट्टी नि कसलं काय’ असं कितीही पुढं नेता येतं. पहिला ‘कसला’ नामाच्या लिंगाप्रमाणं बदलतो, दुसरा ‘कसलं’वर गोठलेला. एक साचा, त्यात एक मोकळी जागा, आणि साच्याला स्वतःचा अर्थ. बर्कलीचे चार्ल्स फिलमोर आणि पॉल केय यांनी मेरी कॅथरीन ओ’कॉनर यांच्याबरोबर १९८८ साली इंग्रजीतल्या ‘लेट अलोन’ या दोन शब्दांवर एक मोठा निबंध लिहिला, तो अशाच साच्याबद्दल आहे. आपल्याकडं त्याच्या जवळचा साचा ‘सोडाच’चा. ‘पोळी सोडाच, तिनं वरणभातालाही हात लावला नाही.’ यात जास्त अवघड गोष्ट ‘सोडाच’ला लागून येते, सोपी गोष्ट ‘ही’ घेऊन येते आणि पुढं नकार लागतो. हे ‘सोडणे’ या क्रियापदाच्या अर्थात कुठंही लिहिलेलं नाही. जागांची अदलाबदल केली तर ऐकणाऱ्याला वाटतं, या घरात पोळी खाणं सोपं असावं.

फिलमोरचा मुद्दा असा, की अशा साच्यांना अपवाद म्हणून बाजूला टाकलं तर भाषेत उरतं किती? ॲडेल गोल्डबर्गनं १९९५ च्या पुस्तकात पुढचं पाऊल टाकलं: साधी वाक्यंही साचेच आहेत. शिंकणं या क्रियापदाला कर्म नसतं, तरी इंग्रजीत ‘त्यानं रुमाल टेबलावरून शिंकला’ अशा घडणीचं वाक्य चालतं आणि शिंकेनं रुमाल उडाला असा अर्थ ऐकणाऱ्याला लागतो. उडवण्याचा अर्थ कुठल्याही एका शब्दात नाही, तो वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत हा शिंकलेला रुमाल चालणार नाही, पण आपल्याकडं त्याहून सरस नमुना आहे. ‘मी चालवत नाही’ म्हटलं की गाडी डोळ्यांसमोर येते. ‘मला चालवत नाही’ म्हटलं की दुखरे गुडघे. क्रियापद अक्षरनअक्षर तेच. न झेपण्याचा अर्थ ‘मला’, ‘-वत’ आणि ‘नाही’ यांच्या एकत्र येण्यात आहे. बघवत नाही, राहवत नाही, गिळवत नाही ही सगळी त्याच कुळातली, आणि हे कूळ बहुधा नकारातच भेटतं. शिवाय ‘मला चालेल’ म्हटलं की पायांचा संबंधच संपतो.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्याची एवढी चिकित्सा केली आणि शाळेत ‘प्रयोग ओळखा’ म्हणून ज्यानं आपला छळ केला, तो कर्तरी-कर्मणी-भावे प्रयोग हा शब्दाचा गुण नाही, अख्ख्या वाक्याच्या घडणीचा आहे. फिलमोरचा १९६८ चा प्रसिद्ध निबंध वाचताना पाणिनीची कारकं आठवावीत, यातही नवल नाही. लॅकॉफ, लँगॅकर, क्रॉफ्ट असे या घराण्याचे इतर वाटेकरी आहेत आणि त्यांची आपसातली भांडणंही आहेत. ती इथं नकोत. सगळ्यांना मान्य असलेलं सूत्र एवढंच, की शब्द एका कोठीत आणि नियम दुसऱ्या कोठीत अशी विभागणी खोटी आहे. ‘पोळी’ हा शब्द, ‘डोळा लागणे’ हा वाक्प्रचार, ‘कसला क्ष नि कसलं काय’ हा साचा आणि ‘त्यानं अमुक केलं’ ही घडण, या सगळ्या रूप-अर्थाच्या जोड्या आहेत. काही पूर्ण गोठलेल्या, काही अर्ध्या उघड्या, काही मोकळ्या.

हे एकदा मानलं की मुलाकडं बघण्याची नजर बदलते. मुलाला अमूर्त व्याकरण आणि ते चालवायचा खटका यांची गरज नाही. त्याला जोड्या शिकायच्या आहेत, एकेक करून, आणि त्या हजारोंनी आहेत.

इथं एक जुनी वाट आठवते. ‘आपल्याकडं सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला मी सहसा जात नाही, पण मीमांसकांनी हा प्रश्न चक्क मुलाला मध्ये बसवून विचारला होता. त्यांचा दाखला असा: एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, गाय आण. दुसरा गाय आणतो. पोर बघत असतं. त्याला अख्ख्या वाक्याचा अख्खा अर्थ कळतो, त्यातलं गाय कोणतं आणि आण कोणतं हे कळत नाही. पुढं ‘गाय बांध’ आणि ‘घोडा आण’ कानावर येतं. एक तुकडा निघतो, दुसरा बसतो आणि त्या आवाप-उद्वापातून, म्हणजे टाकण्या-काढण्यातून, शब्द सुटे होतात. प्रभाकराच्या अनुयायांनी यावरून ठरवलं की शब्द संबंधासकटच अर्थ सांगतो, सुटा नाही. कुमारिलांच्या बाजूनं उलटा पक्ष मांडला. भर्तृहरी तर वाक्य हेच अखंड मानतो आणि शब्द ही आपण सोयीसाठी केलेली काढणी, अपोद्धार, असं म्हणतो. त्यांचा मूळ प्रश्न मुलांचा नव्हता, वेदवाक्याच्या नाहीतर वाक्याच्या अर्थाचा होता. पण मुलाच्या हाती आधी अख्खा साचा येतो, सुटे भाग मागाहून, हे जे मायकेल टोमासेलोला रोजनिशी ठेवून सिद्ध करावं लागलं, ते त्या गायीच्या दाखल्यात आहे.

टोमासेलोनं ती रोजनिशी स्वतःच्या मुलीची ठेवली होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिच्या वयाच्या दुसऱ्या वर्षातली क्रियापदं आणि क्रियापदासारखे शब्द मिळून १६२ नोंदी आहेत. त्यांतले जवळजवळ निम्मे शब्द ती फक्त एकाच घडणीत वापरत होती. ‘काप’ म्हणायची ते ‘अमुक काप’ एवढंच. ‘चित्र काढ’च्या अर्थाचं क्रियापद मात्र कुणी काढलं, कशावर काढलं, कुणासाठी काढलं अशा कितीतरी रूपांत फिरायचं. एका क्रियापदाला कर्ता लावता येतो म्हणून दुसऱ्याला लावावा, हे तिला सुचत नव्हतं. प्रत्येक क्रियापद आपापल्या बेटावर. मराठी घरात हे बघायचं तर ‘नको’ ऐकावं. दीड-दोन वर्षांचं मूल दूध नको, अंघोळ नको, टोपी नको, बाबा नको असं तासभर म्हणू शकतं, पण ‘जाऊ नको’ आणि ‘मला जायला नको’ यांचा त्याच्या लेखी काही संबंध नसतो. मार्टिन ब्रेननं १९६३ मध्ये अशा खुंटीशब्दांची नोंद केली होती. तो विचार मध्यंतरी मागं पडला आणि तीस वर्षांनी मागल्या दारानं परत आला.

नव्या, बनावट क्रियापदांचे प्रयोग त्यानंतरचे. नमीरा अख्तर यांनी १९९९ साली इंग्रजी मुलांना बनावट क्रियापद उलट्यापालट्या शब्दक्रमात ऐकवलं. चार वर्षांच्या पुढची मुलं ते इंग्रजीच्या वळणात बसवून बोलली. अडीच-पावणेतीन वर्षांची मुलं पुष्कळदा ऐकलेला विचित्र क्रमच वापरत राहिली. शब्दक्रमाचा खटका दाबला गेला असता तर हे व्हायला नको होतं. दुसऱ्या बाजूनं आयांचं बोलणं मोजलं गेलं. थिया कॅमरन-फॉकनर, एलेना लिव्हन आणि टोमासेलो यांनी २००३ मध्ये बारा इंग्रज आयांची संभाषणं तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक वाक्यांची सुरुवात फक्त ५२ ठरीव साच्यांनी होत होती. म्हणजे कानावर पडणारी सामग्री विस्कळीत आहे, हा जुन्या युक्तिवादाचा पहिला धागाच सैल निघाला. घरातलं बोलणं कंटाळा येईल इतकं तेच ते असतं. ‘हे काय आहे?’, ‘बाळ कुठंय?’, ‘कोण आलं?’, ‘भुर्र जायचं?’, ‘मंमं हवी?’ मराठी आयांच्या या बोलीची शास्त्रीय नोंद अशोक केळकरांनी १९६४ सालीच ‘वर्ड’ या नियतकालिकात केली होती, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसनच्या सहा भाषांच्या तौलनिक निबंधातही मराठी होती. (जगात सगळीकडंच आया बाळाशी असं बोलत नाहीत. सामोआत किंवा पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत तान्ह्याशी असा संवाद फारसा होत नाही, आणि तिथली मुलंही बोलतात. तेव्हा बाळबोलीचं कौतुक बेतानंच केलेलं बरं.)

मग अवघड काय आहे? शब्द वेगळे काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की आठ महिन्यांचं बाळ दोन मिनिटं सलग ऐकलेल्या निरर्थक ध्वनिमालेतूनही कोणती अक्षरं नेहमी एकत्र येतात हे टिपतं. प्रत्ययांचीही फार भीती बाळगायला नको. डॅन स्लोबिन यांच्या तौलनिक अभ्यासात तुर्की मुलं दोन वर्षांच्या आसपासच विभक्तिप्रत्यय व्यवस्थित वापरताना दिसली, कारण तुर्कीत प्रत्यय ठळक, एकाच अर्थाचे आणि अपवाद थोडे. मराठीत हे सुख नाही. घोडाचं घोड्याला, शाळाचं शाळेला, फूलचं फुलाला. पोरं ‘कुत्राला’ म्हणतात ते सामान्यरूप नावाचा हा मधला जिना गाळून.

खरी मेख मात्र साच्यांच्या सीमांमध्ये आहे. ‘मला’चं घर बघा. मला भूक लागते. तहान, उचकी, ठेच, धाप, ऊन, नाद, चटक, सगळं लागतंच. पण थंडी वाजते. झोप येते, घाम येतो, राग येतो, हसू येतं. भीती वाटते, लाज वाटते. आनंद होतो. पोट आपलं आपण दुखतं, आणि पोहणं ‘येतं’ ते झोपेसारखं नव्हे, पोहता येतं. साचा एकच: अमक्याला तमकं होतं, ज्याला होतं तो कर्त्याच्या थाटात पुढं बसतो, आणि क्रियापद मात्र तमक्याशी जुळतं. मूल हा साचा लवकर पकडतं. भूक लागते म्हणून थंडीही लागते असं म्हटलं, तर त्यात तर्काची चूक काहीच नाही. हिंदीत नेमकं तसंच म्हणतात. आणि वाजते का, हे विचारलं तर मराठीचे प्राध्यापकही दात वाजतात वगैरे सांगून वेळ मारून नेतील. यातली प्रत्येक जोडी वेगळी शिकावी लागते. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला नेमका हाच भाग कायमचा नडतो.

त्यात घरचं बोलणं नामं गाळून चालतं. ‘आणलंस?’ ‘आणलं.’ ‘ठेव तिथं.’ यात कोण, काय, कुठं हे मुलानं डोळ्यांनी भरायचं. हिंदी घरांतल्या संभाषणांवर भुवना नरसिंहन, नॅन्सी बडविग आणि ललिता मूर्ती यांनी २००५ मध्ये केलेल्या अभ्यासातही हेच दिसतं: वाक्यात ज्या भूमिका असाव्यात, त्यांतल्या पुष्कळशा बोलल्याच जात नाहीत. तरीही नरसिंहन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात हिंदी मुलं ‘ने’ नको तिथं लावण्याची चूक जवळजवळ करत नाहीत. ‘ने’ फक्त पूर्ण झालेल्या सकर्मक क्रियेला लागतो, ही भानगड मोठ्यांना समजावून सांगताना घाम फुटतो, आणि तीन वर्षांचं पोर ती बिनबोभाट सांभाळतं. जिथं आपण मुलांना हमखास पकडू म्हणतो तिथं ती सापडत नाहीत.

आता परत ‘पडवलास’कडं. मागं फिरण्याच्या या प्रश्नाला नेमकं रूप दिलं सी. एल. बेकरनं १९७९ मध्ये, आणि जिवंत पुरावा दिला मेलिसा बॉवरमननं. स्वतःच्या दोन मुलींच्या अशा चुका तिनं वर्षानुवर्षं टिपल्या. तिच्या मुलींनीही हसणं, पडणं यांना सरळ कर्म जोडून टाकलं होतं; म्हणजे आमच्या पोरीची इंग्रजी बहीणच. अशा चुका आधी नसतात, बरोबर बोलण्याच्या एका टप्प्यानंतर उगवतात आणि मग हळूहळू विरतात. विरतात का?

स्टीव्हन पिंकरनं १९८९ मध्ये सांगितलं, अर्थाच्या बारीक वर्गांमुळं. मराठीत हे उत्तर लावून बघायला मजा येते. ज्याच्याकडून क्रिया करवायची तो स्वतः काही करतो, तिथं ‘व’: हसवणं, रडवणं, बसवणं, उठवणं. वस्तूला नुसतं काही होतं, तिथं स्वर बदलतो: तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं, पडणं-पाडणं. वर्ग छान जमला म्हणेपर्यंत कपडे भिजवले जातात, दिवा विझवला जातो, मिरच्या सुकवल्या जातात. त्यांतल्या कुणीही स्वतः काही केलेलं नसतं. अर्थाचा वर्ग मदत करतो, निकाल देत नाही.

दुसरं उत्तर मुरण्याचं: क्रियापद जितक्या वेळा ठरावीक घडणीत ऐकलं जातं तितकं ते तिथं रुजतं आणि दुसरीकडं नेलं की खटकतं. तिसरं, गोल्डबर्गनं ज्याच्यावर सगळा भर दिला ते, आधीच जागा अडवण्याचं. मुलीला ‘पडवला’ अपेक्षित आहे आणि नेमक्या त्याच अर्थाच्या जागी ‘पाडला’ येतो. एकदा, दहादा, शंभरदा. मनातल्या मनात प्रत्येक वेळी अंदाज चुकतो आणि चुकण्यातूनच शिकणं होतं. बहिणीचं ‘मनीनं पाडला’ आठवा. तिनं व्याकरण दुरुस्त केलं नाही, हे खरं. पण बरोबर रूप तिनं त्याच श्वासात हाती दिलं. मिशेल शुइनार्ड आणि ईव्ह क्लार्क यांनी २००३ मध्ये दाखवलं की मूल चुकीचं बोललं की मोठी माणसं तेच वाक्य नीट करून परत म्हणतात, हे वारंवार घडतं, आणि मुलं ते ऐकून घेतात. ब्राउन-हॅनलन यांना सापडलं नाही ते ‘चूक’ हा शिक्का. दुरुस्ती मांजराच्या पोटातून येत होती.

बेन अँब्रिज आणि त्यांच्या मोठ्या चमूनं २०२० मध्ये इंग्रजी, जपानी, हिंदी, हिब्रू आणि ग्वाटेमालातली किचे या पाच भाषांत प्रयोजक क्रियापदांचाच प्रश्न तपासला. घडवून आणणं जितकं थेट, तितकं रूप आटोपशीर; जितकं आडून, तितकं लांब. हा कल मुलांच्या आणि मोठ्यांच्या, दोघांच्या कानांत दिसला, आणि त्याच्या जोडीला ऐकलेल्या वारंवारतेचा हातही. म्हणजे पिंकर आणि गोल्डबर्ग दोघांचंही थोडं थोडं. माझ्या मते इथं रचनाव्याकरणाची बाजू वरचढ आहे, पण एका गोष्टीचा कानोसा घ्यायला हवा. गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ८३ मुलांची ११,५२१ अनियमित भूतकाळी रूपं मोजली, तेव्हा ‘करलं’ छापाच्या चुकांचं मध्यक प्रमाण अवघं २.५ टक्के निघालं. कधीमधी येणाऱ्या क्रियापदांत ते बरंच जास्त असतं अशी हरकत नंतर घेतली गेली, तीही रास्त. तरी आपण आईबाप ज्या चुका हसत हसत पाहुण्यांना सांगतो, त्या मुलाच्या बोलण्यात तुरळकच असतात. त्या लक्षात राहतात म्हणून जास्त वाटतात.

विरोधी पक्ष गप्प बसलेला नाही. मुलानं बोलून दाखवलं नाही म्हणजे त्याला कळत नाही असं कुणी सांगितलं? सिंथिया फिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २१ महिन्यांच्या बाळांना दोन चित्रफिती शेजारी शेजारी दाखवल्या आणि बनावट क्रियापदाचं वाक्य ऐकवलं. शब्दक्रमावरून कर्ता कोण हे ओळखून बाळं योग्य चित्राकडं जास्त वेळ बघत राहिली. बेटं असतील, पण त्यांच्यामधलं पाणी उथळ आहे. आणि आपल्या शेजारचा दाखला: जेफ्री लिड्झ, हेन्री ग्लाइटमन आणि लायला ग्लाइटमन यांनी २००३ मध्ये कन्नड मुलांना प्रयोजक प्रत्यय असलेली आणि नसलेली वाक्यं खेळण्यातल्या प्राण्यांकडून करवून दाखवायला सांगितली. कन्नडमध्ये कुणीतरी घडवून आणलं हे सांगणारा खात्रीचा पुरावा प्रत्ययच आहे. तीन वर्षांची मुलं मात्र प्रत्ययाकडं न बघता वाक्यातली नामं मोजत होती. ऐकलेल्यातून शिकायचं तर जे सर्वांत भरवशाचं ते आधी धरायला हवं. ही मुलं वेगळंच काही घेऊन आलेली दिसतात. रचनावादी यावर उत्तरं देतात, पण मला ती अजून पुरती पटलेली नाहीत.

त्याहून मोठा पेच निकाराग्वाचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वात बहिऱ्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या. एकत्र आलेल्या मुलांनी आपापल्या घरगुती खुणांतून एक खूणभाषा उभी केली, आणि नंतर आलेल्या लहानग्यांनी तिला मोठ्या मुलांच्या खुणांत नव्हती अशी बांधणी दिली. ॲन सेंघस आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या निबंधात हे तपशिलानं आहे. साचे ऐकून गोळा करायचे, तर जे साचे कुणाकडेच नव्हते ते कुठून आले?

उलट बाजूनं आता यंत्रं आली आहेत. भाषेची मोठी प्रारूपं उपजत व्याकरण न घेता व्याकरणशुद्ध लिहितात, हे जुन्या युक्तिवादाला जड जाणारं आहे. पण त्यांना खाऊ घातलेला मजकूर अब्जावधी शब्दांच्या मापात असतो. म्हणून २०२३ पासून ‘बेबीएलएम’ नावाची स्पर्धा भरते: मुलाच्या कानावर पडेल एवढ्याच, म्हणजे एक कोटी किंवा दहा कोटी शब्दांत यंत्र किती शिकतं ते बघायचं. या मापात सोफ्याखाली पळणारं मांजर नसतं, आणि ‘तू माझा टॉवर’ म्हणताना मामाच्या डोळ्यांत रोखलेली नजरही नसते. टोमासेलोच्या मते तर सगळ्याचा पाया तिथंच आहे: वर्षाच्या आतबाहेरचं मूल बोट दाखवतं, आपण त्या बोटाच्या दिशेनं बघतो का हे तपासतं, आणि दोघं मिळून एका गोष्टीकडं बघतात. मीमांसकांच्या दाखल्यातलं पोरही आधी गाय येताना बघत होतं.

भाची आता सात वर्षांची आहे. ‘पडवलास’ गेलं, नेमकं कधी, ते कुणाच्या लक्षात नाही. मधले काही महिने टॉवर कधी पाडला जायचा, कधी पडवला जायचा, एकाच दुपारी दोन्ही. ‘थंडी लागली’ मात्र टिकून आहे, कारण शाळेतल्या निम्म्या मैत्रिणी तसंच म्हणतात. परवा तिच्या हातून दुधाचा पेला कलंडला. ‘‘सॉरी, मी दूध सांडवलं,’’ ती म्हणाली. बहीण ‘‘सांडलं म्हण’’ म्हणायला तोंड उघडणार, तोच आतून माझ्या आईचा आवाज आला, ‘‘काय गं, सांडवलंस का परत?’’

बहिणीनं फडकं आणलं.